पालथ्या गिलासांची फळी

मेट, परवा शुक्रवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. मी दहा मिनिटं बोलले आणि त्या दहा मिनिटांत माझ्या तोंडून एकही खरी गोष्ट निघाली नाही. अध्यक्षांनी तुम्हाला आधारस्तंभ केलं, मी दीपस्तंभ केलं. तुम्ही असतात तर या दोन्ही खांबांना पाठ दाखवून मागच्या पडवीत चहाचं आधण बघायला गेला असतात. सभा संपल्यावर लोक म्हणाले, मॅडम, छान बोललात. मला ते ऐकवेना. जे बोलायला हवं होतं ते तुमच्या तेराव्याच्या दिवशीच मला कळलं होतं, आणि तरी माइक हातात असताना माझी हिंमत झाली नाही. म्हणून आता लिहिते आहे. माझं अक्षर तुम्हाला कधी लागलं नाही. बाई, तुमी लिवता का मुंग्या सोडता, असं म्हणायचात. या वेळी जरा सुटं लिहिते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमची शाळा ताडकळसच्या रस्त्याला पत्र्याच्या चार खोल्यांत भरायची. खाजगी, विनाअनुदानित. सरकारकडून काही येत नव्हतं. पालकांच्या फीवर आणि मिळतील त्या देणग्यांवर सगळा गाडा. मुख्याध्यापिका मी, कारकून मी, आणि देणगीचं पुस्तक पर्समध्ये घालून दारोदार फिरणारीही मीच. तुम्ही पूर्णेला रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मेट, म्हणजे मुकादम होतात. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि घरात बसून तुम्ही सुनेचा जीव नकोसा केला होता, हे मला नंतर तिनंच सांगितलं. नातीला, पूजाला, पहिलीत घालायला आलात. फॉर्म भरायचा सोडून दारात उभे राहिलात आणि अंगणाकडं बघत राहिलात. पावसाळ्याचे दिवस, आपली काळी माती, आणि लेकरं एका हातात दप्तर, एका हातात चपला घेऊन वर्गात येत होती.

"हितं मुरूम कोन टाकनार हाय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, देणगी जमली की टाकू. कधी जमेल, तर ते सांगता येत नाही. तुम्ही मान हलवलीत, फॉर्मवर सही केलीत आणि गेलात. पुढच्या रविवारी मी घरी धुणं धूत असताना शिपायाचा फोन आला, की बाई, शाळेत कुणीतरी घुसलंय. मी धावत आले तर तुम्ही, तुमच्या जुन्या टोळीतली चार माणसं, घमेली, फावडी आणि कुणाचा तरी ट्रॅक्टर. दुपारपर्यंत अंगण पायाखाली टणक लागायला लागलं. मी पर्स उघडली. तुमच्या कपाळावर जी आठी पडली ती मला अजून दिसते. तुम्ही म्हणालात, पर्स मिटा अन् चहा करा.

शाळेत कप होते सहा, त्यातल्या दोन कपांचे कान तुटलेले. आधी कुणी प्यायचं, कप कुणी विसळायचे, यात चहा गार झाला. पुढच्या रविवारी तुम्ही खांद्यावर फळी घेऊन आलात, रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाची. मी घाबरून विचारलं, रेल्वेची उचलली तर नाही ना. तुम्ही खिशातून लिलावाची पावती काढून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि कामाला लागलात. फळीत तुम्ही लांब खिळे ओळीनं उभे बसवले, त्यांची टोकं कानशीनं घासून बोथट केली, आणि फळी पडवीच्या भिंतीला ठोकली. नियम सांगितलात. ज्यानं शाळेसाठी एक दिवस काम केलं त्यानं घरून एक गिलास आणायचा, चहा त्यातच प्यायचा, आणि जाताना तो इथंच खिळ्यावर पालथा ठेवून जायचा. जो शेवटी पिईल त्यानं सगळे धुवायचे. शेवटी कायम तुम्हीच प्यायचात.

आपल्याकडं कुणाच्या घरातलं स्टीलचं भांडं बिननावाचं नसतं. लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला आलेलं भांडं देणाऱ्याचं नाव पोटावर घेऊनच येतं. त्यामुळं तुमची फळी बघताबघता सगळ्या पंचक्रोशीची सोयरीक सांगायला लागली. कोंडिबा गवंड्याचा गिलास त्याच्या मेव्हण्यानं दिलेला. मेंढरं राखणारी धोंडाबाई आमच्या झाडांना लेंडीखत घालायला यायची, तिचा गिलास तिच्या माहेरच्या कुणा मामाचा. तुमच्या स्वतःच्या गिलासावर लिहिलेलं होतं, 'मेटला, सर्वांकडून.' तुमच्या टोळीनं निवृत्तीला दिलेला. मी बरेच दिवस ऑफिसात बसून कपातूनच चहा पीत होते. एकदा तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, बाईंनी एखादा दिवस काम केलंय का नुसता पगार घेतलाय. लोक हसले, मला राग आला, आणि त्या रागात मी दिवसभर मुलींच्या संडासाच्या दाराला रंग दिला. मग परभणीला आईकडं जाऊन माझ्या बारशाचा गिलास आणला. 'चि. सुलभाच्या बारशाला, आत्याकडून.' लहानपणी मी तो पायरीवर आपटला होता, कडेला पोचा पडलेला. तुम्ही तो हातात फिरवून बघितलात, पोच्यावरून अंगठा फिरवलात आणि मधल्या खिळ्यावर ठेवलात.

मला वाटायचं ही चहाची सोय आहे. ती तुमची हजेरी होती हे कळायला मला दोन वर्षं लागली. कोंडिबाची बायको वारली आणि तो यायचा थांबला. मी शोकाचं पत्र पाठवलं. तुम्ही दोन महिने काही केलं नाहीत. मग एका शनिवारी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाताना तुम्ही फळीवरून त्याचा गिलास उचललात, पिशवीत घातलात, आणि वाटेत त्याच्या घरी उतरलात. मलाही बरोबर नेलंत. मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. तुम्ही ओट्यावर बसलात, पिशवीतून त्याचाच गिलास काढून त्याच्याच हातात दिलात आणि पाणी मागितलंत. त्यानं गिलासावरचं नाव बघितलं. पाणी आणलं. तुम्ही प्यालात, गिलास पंच्यानं पुसलात, परत पिशवीत ठेवलात आणि उठलात. शाळेचा शब्द काढला नाहीत. मी वाटभर तुमच्यावर चिडले होते, की इतक्या लांब जाऊन नुसतं पाणी पिऊन आलो. पुढच्या रविवारी कोंडिबा थापी घेऊन हजर होता.

पण मेट, आपलं भांडणही खरं होतं, आणि त्यात सगळी चूक माझी नव्हती, हे मी आजही म्हणेन. कामाआधी तुम्ही कुणाची देणगी घ्यायलाच तयार नव्हतात. ताडकळसच्या बाजारातला एक आडत्या पाकीट घेऊन आला, तर तुम्ही त्याला सांगितलंत, आयतवारी या, एक बाकडं रंगवा, मग पाकीट द्या. तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला होता. तो जो गेला तो परत फिरकला नाही. त्या महिन्यात आमच्या तीन शिक्षिकांचे पगार थांबले होते. त्यातल्या एकीच्या घरी दुखणं होतं आणि ती रोज माझ्या तोंडाकडं बघायची. मी तुम्हाला अद्वातद्वा बोलले. मुरमानं पगार होत नाहीत, असं म्हटलं.

"पैसा दिला की मानूस मोकळा होतो, बाई," तुम्ही म्हणालात. "काम केल्याला मानूस मोकळा होत न्हाई. त्याला शाळा दिसती जाता-येता."

आणि पुढं असंही म्हणालात, की पगाराचं तुमी बघा, माणसांचं मी बघतो. हे वाटून घेणं मला तेव्हा सोयीचं वाटलं. माणसांचं तुम्ही बघत होतात म्हणून मी कधी बघितलंच नाही.

मग पुण्याच्या एका कंपनीच्या ट्रस्टचा फॉर्म आला. पक्क्या खोल्या बांधून मिळणार होत्या. फॉर्मवर एक रकाना होता, शाळेशी जोडलेले सक्रिय स्वयंसेवक किती. मी पेन घेऊन पडवीत गेले आणि गिलास मोजले. त्रेचाळीस. तोच आकडा लिहिला. ट्रस्टच्या लोकांना आमची शाळा आवडली ती त्या आकड्यामुळं, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. इतक्या आडबाजूला एवढे लोक फुकट राबतात याचं त्यांना फार कौतुक. ते बघायला येणार असं ठरलं.

आणि मी काय केलं. पाहुण्यांच्या नजरेनं मी माझीच पडवी बघितली. धुरानं काळी पडलेली भिंत, वाकडीतिकडी फळी, आणि तिच्यावर ठोके पडलेले, कमी-जास्त उंचीचे, पाहुण्यारावळ्यांच्या नावांचे गिलास. मला लाज वाटली. त्या भिंतीवर मला देणगीदारांच्या नावांचा ग्रॅनाइटचा फलक दिसायला लागला, सोनेरी अक्षरांचा. फळी उतरवली. गिलास पोत्यात भरले आणि पोतं घेऊन मी स्वतः रिक्षानं परभणीला गेले, भांड्यांच्या दुकानात. जुनी भांडी मोडीत देऊन नवी घ्यायची हे तर आपल्या घराघरांत चालतं. दिवाळीच्या आधी माझी आई दर वर्षी करायची. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पोत्यात काय काय गेलं ते मी पाहिलं नाही. पन्नास नवे गिलास घेतले, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकावर शाळेचं नाव घालून घेतलं. परत येताना मी खुशीत होते हेही सांगून टाकते.

रविवारी तुम्ही आलात तेव्हा मागं अकरा माणसं होती. तुम्ही पडवीत पाय ठेवलात आणि भिंतीकडं बघितलंत. गिलास कुठं आहेत, असं अगदी हळू विचारलंत. मी म्हटलं, मोडीत दिले, मेट, आणि हे बघा, कसा एकसारखा सेट मिळाला. तुम्ही एक नवा गिलास उचललात, त्यावरचं शाळेचं नाव वाचलंत. मग विचारलंत, कुठल्या दुकानात. मला वाटलं तुम्हाला भाव विचारायचाय. मी दुकान सांगितलं, भावही सांगितला.

तुम्ही भांडाल म्हणून मी तयारी केली होती. पगार, पक्क्या खोल्या, मुलींचे संडास, सगळी उत्तरं तोंडपाठ होती. तुम्ही भांडलाच नाहीत. सगळ्यांना नव्या गिलासात चहा ओतून दिलात, आज कामाला सुट्टी म्हणालात, शेवटी स्वतः प्यालात, आणि सगळे गिलास धुऊन गेलात. धोंडाबाई जाताना दोनदा मागं वळून भिंतीकडं बघत होती. त्या दिवशी तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी आता म्हणते. तेव्हा मला वाटलं, चला, थोडक्यात निभावलं.

पाहुणे आले, बघून गेले. मी नऊ जणांना ओळखपत्रं करून गळ्यात अडकवली होती, त्यातले बहुतेक आमचे शिक्षकच. खोल्या झाल्या, पडवीत फलक लागला. पगार वेळेवर व्हायला लागले. ज्या शिक्षिकेच्या घरी दुखणं होतं तिनं माझ्या टेबलावर पेढे ठेवले. हे सगळं चांगलं झालं आणि ते मी केलं, हे तुम्ही कधी नाकारलं नाहीत. पण रविवारी शाळेत कुणी येईना. आधी तुम्ही एकटे यायचात, झाडांना पाणी घालून जायचात, मग तुमचंही येणं कमी झालं. मला वाटलं सगळे रुसले आहेत. माझाही ताठा काही कमी नव्हता. भांड्याकुंड्यांवरून रुसणाऱ्या माणसांची मनधरणी कोण करणार, असं मी नवऱ्याजवळ बोलून दाखवलं. आता हातात पैसे होते. रंगाला, गवत काढायला, कुंपणाला मी मजूर लावले.

मागच्या वर्षी मी पूर्णेला तुमच्या घरी आले होते, ते तुम्हाला नव्या खोल्यांच्या उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला. खरं सांगते, गाडीत बसल्यापासून मनात एक वाक्य होतं. मेट, माझं चुकलं, एवढंच. त्याच्या पुढं-मागं काही जोडायचं नाही असंही ठरवलं होतं. तुमच्या घरात आले तर न्हाणीजवळचा तो तांब्याचा बंब दिसला नाही. तुमच्या बायकोनं मरेपर्यंत चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, बंब कुठं गेला. तुम्ही म्हणालात, म्हातारा झाला हुता. मी हसले. रुक्मिणनं, तुमच्या सुनेनं, चहा आणला. तुम्ही समोर बाजेवर बसून माझ्या हाताकडं बघत होतात.

तुम्ही विचारलंत, चहा कसा झालाय. मी म्हटलं, जरा गोड आहे. तुम्ही विचारलंत, गिलास लय पोळत तर न्हाई ना, नीट धरा. मी म्हटलं, नाही हो. आणि मी बोलत सुटले. मांडव कुठं घालणार, कुणाला बोलावलंय, सत्काराचा क्रम कसा. पहिले अध्यक्ष, मग ट्रस्टचे साहेब, तिसरे तुम्ही, शाल आणि श्रीफळ. तुम्ही हसून म्हणालात, तिसऱ्या नंबरला मी कशाला, मी मागं चहाचं बघतो की. ते मी तुमची कबुली धरली. माझ्या गाडीची वेळ झाली होती. गिलास खाली ठेवून उठले. मनातलं वाक्य मनातच राहिलं. म्हटलं, कार्यक्रमाला येणारच आहेत, तेव्हा बोलू.

तुम्ही दारापर्यंत आलात.

"बाई, काई इसरलं तर न्हाई ना?"

मी पर्स बघितली, मोबाइल बघितला, छत्री बघितली. नाही म्हटलं आणि निघाले.

उद्घाटनाला तुम्ही आला नाहीत. शाल घडी करून कपाटात ठेवावी लागली, आणि माझा पुन्हा पारा चढला. फोन केला नाही. तुमची तब्येत बरी नाही हे पूजा मला वर्गात सांगायची. परीक्षा झाल्या की जाऊ असं मी तिला दोनदा म्हटलं. परीक्षा संपायच्या आधीच पूजाचा निरोप आला.

तेराव्याला मी आले. बायका आत बसल्या होत्या, मी दाराशी टेकले. रुक्मिणनं हातात चहा दिला. माझं बोट कडेवरच्या पोच्यावर पडलं. मी काही बघितलं नव्हतं, मेट, नुसतं बोट पडलं, आणि मला माझ्या आईच्या घराची पायरी आठवली. मग गिलास फिरवला. 'चि. सुलभाच्या बारशाला, आत्याकडून.' तोवर मला हे माहीतही नव्हतं, की त्या पोत्यात मी माझा स्वतःचाही गिलास भरून नेला होता. तीन वर्षांत मला त्याची एकदासुद्धा आठवण झाली नव्हती.

रुक्मिण माझ्याजवळ येऊन बसली.

"मागं आलता तवाबी ह्याच्यातच दिलता चहा," ती म्हणाली. "म्या म्हनलं, बाबा, बाईंचा हाय तर देऊन टाका की. तर म्हनले, न्हाई. वळखतील तवा देऊ."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही परभणीला गेलात. दुकानाच्या मागं मोडीचा ढीग होता, त्यात दिवसभर बसून एकेक गिलास नाव वाचून काढलात. ज्याला माझं अक्षर लागत नव्हतं त्यानं. एकोणतीस सापडले, बाकीचे आधीच पुढं गेले होते. दुकानदार सुटे द्यायला तयार होईना, तेव्हा परत येऊन घरातला बंब नेलात आणि तो मोडीत घालून माझी मोड सोडवून आणलीत. मग महिनाभर बसनं, कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून, घरोघरी गिलास पोचवलेत. प्रत्येकाला एकच सांगितलंत, की बाईंनी पाठवलाय. फळीला रंग द्यायचाय, तोवर घरी ठेवा, बाई स्वतः येतील बोलवायला. ज्यांचे सापडले नव्हते त्यांच्याकडं रिकाम्या हातानं गेलात आणि हेच सांगितलंत. तुमचा स्वतःचा सापडला नव्हता.

तुम्ही माझ्या नावानं खोटं बोललात, आणि ते खोटं खरं करायला मला तीन वर्षं दिलीत. लोक रुसले नव्हते. ते वाट बघत होते. मी बोलवायला जायचं होतं, एवढंच राहिलं होतं, आणि मी मजूर लावत बसले. तुम्ही एका शब्दानं मला हे सांगू शकला असतात. का सांगितलं नाहीत याचा मला थोडा रागही येतो, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर रूळ ठोकून बघणाऱ्या माणसाला आवाजावरून कळायचं कुठं सैल आहे ते. माझ्यातलं सैल कुठं होतं तेही तुम्हाला कळलं होतं. मग सांगायचं की, मेट. मी शिकलेली बाई आहे, मला सांगितल्याशिवाय कळत नाही.

शोकसभेत मी हे बोलले नाही. पण काल शनिवारी शाळा सुटल्यावर धोंडाबाईच्या घरी गेले. तिची मेंढरं नुकतीच वाड्यात शिरली होती. मी काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं; तुमच्यासारखं ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. ती आत गेली आणि तिच्या मामानं दिलेल्या गिलासात पाणी घेऊन आली. मी प्याले. माझ्याकडं पंचा नव्हता, पदरानं गिलास पुसला. म्हटलं, उद्या येशील का.

"लय दिस लागले, बाई, रंग वाळायला," धोंडाबाई म्हणाली.

ती खरं धरून बोलली की तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, मला कळलं नाही. विचारायचं तोंडही नव्हतं. तिथून मी आणखी सात घरं केली. दोघांनी नाही म्हटलं. एक जण आत निघून गेला, तो बाहेर आलाच नाही. कोंडिबा मुलाकडं पुण्याला गेलाय. मी जायला उशीर केला तेवढ्यात माणसांची आयुष्यं पुढं सरकली, त्याला कुणाचा इलाज नाही.

फळी भांडारघरात सापडली. मी ती एका मोडक्या कपाटाखाली टेकू म्हणून लावली होती. आज सकाळी ती परत भिंतीला ठोकली, फलकाच्या खाली. फलक राहू दिलाय, ज्यांनी दिलंय त्यांनी दिलंय. कामाला पाच जण आले. कुंपणाच्या कडेचं गवत काढलं. चहा झाला, मी सगळ्यांना ओतून दिला आणि माझा शेवटी घेतला. सगळे गिलास मी धुतले. तुम्ही कधी कुणाचे आभार मानत नव्हता, म्हणून मीही मानले नाहीत. जाताना प्रत्येकाला एवढंच म्हटलं, पुढच्या आयतवारी या.

आता पडवीत मी एकटी बसले आहे. फळीवर सहा गिलास आहेत, त्यातला पोच्याचा माझा, रुक्मिणनं दिलेला, आणि बाकीचे खिळे उघडे. त्या खिळ्यांतला तुमचा कडेचा, त्याच्यावर ठेवायला माझ्याकडं काही नाही. तुम्हाला बोलवायला यायचं म्हटलं तर कुणाच्या दारात जाऊन पाणी मागू. एक उत्तर मात्र द्यायचं राहिलंय. तुमच्या दारात उभी राहून मी चुकीचं सांगितलं होतं.

हो, मेट. विसरले होते.